दोन कुलपांची ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. तुमच्यापैकी काहींनी ट्रंक पाहिलीही नसेल. हल्ली चाकांच्या बॅगा असतात आणि त्या माणसांच्या मागून पळतात. मला मात्र दोन्ही बाजूंच्या कड्या धरून दोघांनी उचलावे लागते. एकट्याने उचलले की मी तिरकी होते आणि पोटातले सगळे सामान एका अंगाला घसरते.

माझा जन्म पुण्याच्या बोहरी आळीतला. एका कारागिराने पत्रा कापला, कडा दुमडल्या, कोपऱ्यांवर पट्ट्या ठोकल्या आणि मला बाटलीसारखा हिरवा रंग दिला. शेवटी त्याने माझे झाकण पुन्हा पुन्हा उघडून मिटले आणि कान देऊन ऐकले. झाकण कुठे घासत नाही याची खात्री झाल्यावरच त्याने मला दुकानाबाहेर मांडले. पुढे आयुष्यात झाकण मिटले की मला त्याचा तो कान आठवे.

मोरेश्वर सोवनी आणि त्यांची नवी नवरी विभावरी यांनी मला विकत घेतले. मोरेश्वररावांना न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला दुधावरच्या संशोधनाची नोकरी लागली होती. जहाजातून मी वेलिंग्टनच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझ्या पोटात लोकरीचे कपडे, पोळपाट-लाटणे, मसाल्याचे डबे आणि देव होते. देवांबरोबर एक लहानशी पितळी घंटा होती. तिचा आवाज शरीराच्या मानाने मोठा होता. ती वाटेत वाजू नये म्हणून विभावरीबाईंनी तिच्या लोलकाला सुती चिंधी बांधली होती. त्या काळी या देशात मराठी बोलणारे माणूस भेटणे म्हणजे सण होता. परक्या गावात पहिल्या सकाळी चिंधी सोडून ती घंटा वाजली, तेव्हा शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "आइस्क्रीमची गाडी आली का?"

पुढे सोवनी कुटुंब वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावी राहायला आले. मुलगा धैर्यशील मोठा झाला. माझ्यात कधी गाद्यांचे अभ्रे राहिले, कधी दिवाळीच्या माळा. माझ्यावर टेलिव्हिजनही ठेवला होता. अशी सर्वसाधारण ट्रंकेची वर्षे गेली. मग मोरेश्वरराव निवृत्त झाले आणि माझ्या नशिबी राजकारण आले.

त्याचे असे झाले. शेजारच्या अप्पर हट गावी शिवाजी नावाचा एक बसचालक राहत असे. तो साताऱ्याहून शिकायला आला होता, शिक्षण एका बाजूला राहिले आणि तो बसच्या स्टिअरिंगमागे बसला. ड्रायव्हर, सफाई कामगार, रेल्वेतले निवृत्त लोक अशांचा त्याचा एक छोटा पक्ष होता, वर्कर्स लीग. तिकडे पामर्स्टन नॉर्थला सुखदा नावाची मुलगी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करत होती. विद्यार्थी असताना ती अशा भाड्याच्या घरात राहिली होती, जिथे हिवाळ्यात भिंतींवर काळी बुरशी चढे आणि पांघरुणे ओली लागत. तिने भाडेकरूंचा पक्ष काढला, फेअर होम्स. दोन्ही पक्ष इतके लहान होते की निवडणुकीच्या निकालात त्यांची नावे 'इतर' या शब्दात मावत.

शिवाजी आणि सुखदा दोघेही सणासुदीला सोवन्यांकडे जेवायला येत. दोघांचेही म्हणणे एकच असे. सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे कर भरावा. दवाखाना, शाळा, घर आणि बस यांच्यासाठी कुणाला खिसा चाचपावा लागू नये. आणि हे सारे मतदानाने, भांडण न करता व्हावे. याला सोशल डेमोक्रसी म्हणतात. "एकच स्वयंपाक दोन चुलींवर कशाला करता?" असे एकदा वाढता वाढता विभावरीबाई म्हणाल्या, आणि त्यातून दोन पक्ष एक झाले.

मित्रांनो, एक होणे सोपे नसते. लीगच्या लोकांना वाटे की शिकलेले लोक आपल्याला गिळतील. फेअर होम्सच्या लोकांना वाटे की कामगार संघटनावाले आपल्याला दाबतील. ऑफिस भाड्याने घेणे परवडत नव्हते, तेव्हा पक्षाचे ऑफिस म्हणजे मीच झाले. मग प्रश्न आला, ट्रंक कुणाच्या ताब्यात? यावर मोरेश्वररावांनी तोडगा काढला. ट्रंक सोवन्यांच्या घरी राहील. तिला दोन कुलपे असतील, एक लीगचे, एक फेअर होम्सचे. शिवाजी आणि सुखदा दोघेही हजर असतील तरच ती उघडेल. तसेच ठरावाला सूचक एका बाजूचा असेल तर अनुमोदक दुसऱ्या बाजूचा हवा. आणि मोरेश्वररावांची घंटा वाजल्याशिवाय सभा सुरू झाली असे धरायचे नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढे नियम केले, पण सभेला किती माणसे लागतात हे लिहायचे मात्र सगळे विसरले.

मला तर एकच कडी-कोयंडा होता. दुसरा टेड नावाच्या रेल्वेतल्या निवृत्त फिटरने बसवून दिला. त्याने ठिणग्या उडवत माझ्या पोटाजवळ लोखंड जोडले, तेव्हा मला भाजले खरे, पण तो माझ्या झाकणावर थाप मारून "स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या भाषेत 'झकास!' म्हणाला आणि मला फार मान मिळाल्यासारखे वाटले.

ती माझी बहराची वर्षे. विभावरीबाईंनी लीगचे पिवळे आणि फेअर होम्सचे विटकरी कापड जोडून बॅनर शिवला. तो माझ्यात असे. कोटाला लावायच्या फिती, टेबलावरचे कापड, पत्रके हेही असे. महिन्यातल्या एका शनिवारी माणसे हातात एकेक पदार्थ घेऊन येत. लॅमिंग्टन केकशेजारी साबुदाण्याची खिचडी बसे. दोन किल्ल्या एकदम फिरत, माझे झाकण उघडे आणि लोक माओरी भाषेत नमस्कार करून म्हणत, "किया ओरा, ऑफिस उघडले!" घंटा मात्र माझ्यात राहत नसे. ती सकाळी देवाची आणि दुपारी पक्षाची होती. सभा संपली की मोरेश्वरराव तिला पुन्हा देव्हाऱ्यात नेऊन ठेवत. कुणी फार बोलू लागले की ते ती हळूच वाजवत, आणि मोठमोठे वक्तेही आरती संपल्यासारखे हात जोडून खाली बसत.

मग एका निवडणुकीआधी एका मोठ्या पक्षाकडून निरोप आला. तुम्ही हटमधला तुमचा उमेदवार मागे घ्या, आम्ही तुमची स्वस्त बसची मागणी आमच्या जाहीरनाम्यात घेतो. शिवाजी म्हणाला, घेऊ या. लोकांना स्वस्त बस मिळाली तर नाव कुणाचे का असेना. सुखदा म्हणाली, नको. मग दमट घरांचे कोण बोलेल? मी मधोमध बसून ऐकत होते. मला दोघांचेही पटत होते, आणि तेच वाईट होते.

"तुझ्या तत्त्वांना बसचं तिकीट काढावं लागत नाही ना, म्हणून!" शिवाजी ओरडला.

"आणि तुझ्या बसला पाटीच नाही, दादा. जो हात दाखवेल त्याच्या दारात थांबते!"

"निदान चालते तरी! तू मेळाव्यात भाषण करतेस आणि टाळ्या मोजत घरी जातेस."

मोरेश्वररावांनी घंटा वाजवली. कुणी थांबले नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. मग त्यांनी शांतपणे बॅनरची घडी घातली, घंटा त्यात गुंडाळली आणि देव्हाऱ्याकडे न जाता ती माझ्यात ठेवली. लोलकाला चिंधी बांधायचे राहून गेले.

"तुम्ही दोघं मिळून मागाल त्या दिवशी काढू," ते म्हणाले.

रागारागात दोन कुलपे खटकली. त्या हिवाळ्यात मोरेश्वरराव गेले. अंत्यविधीला शिवाजी आणि सुखदा दोघे आले, पण दोन टोकांना बसले. त्या दिवशी किल्ल्यांचे नाव कोण काढणार?

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये होते. मित्रांनो, ट्रंकेचा जन्म मिटण्यासाठी असतो असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. आमचा जन्म उघडण्यासाठी असतो, मिटणे ही मधली विश्रांती. माझी विश्रांती संपेचना. हटमधल्या ओल्या हवेने कुलपांना गंज चढला. माझ्यावर आधी जुने हीटर आले, मग रंगाचे डबे, मग कुणाच्या तरी पोहण्याच्या कपड्यांची पिशवी. झाकणाच्या फटीतून येणारी उजेडाची रेघही बंद झाली. माझ्या पोटात बॅनर कुबट होत होता हे मला कळत होते, आणि मी त्याला साधा श्वास देऊ शकत नव्हते. कैदी मी होते आणि तुरुंगही मीच होते.

माझ्यासारखाच पक्षही अडकला होता. निवडणुका येत आणि जात. नवीन काही करायचे तर सभा हवी, आणि पक्ष बंद करायचा म्हटले तरी सभा हवी. सभेला घंटा हवी. घंटा माझ्यात. त्यामुळे तो बिचारा जगतही नव्हता आणि मरतही नव्हता.

पण सगळ्यांत जास्त अडकल्या होत्या विभावरीबाई. भिंतीपलीकडून मला रोज सकाळी त्यांची पूजा ऐकू येई. घंटेच्या जागी त्या तांब्यावर पळी वाजवत. टक, टक, टक. नवी घंटा कुठूनही मागवता आली असती. त्यांनी मागवली नाही. पन्नास वर्षे ज्या आवाजाने सकाळ झाली, तो आवाज एका पत्र्यापलीकडे होता. आणि कुलूप तोडणे म्हणजे नवऱ्याचा शेवटचा शब्द तोडणे होते.

एका दुपारी भूकंप झाला. इकडे धरणी अधूनमधून अंग झाडते. लोक टेबलाखाली जातात आणि मग चहा ठेवतात. त्या दिवशी गॅरेज हलले, रंगाचे डबे पडले, मी जागची सरकले आणि माझ्या पोटात कधीतरी घडीतून सुटलेली ती घंटा आपोआप वाजू लागली. धरणी थांबली तरी ती आणखी जराशी वाजत होती. दार उघडले. विभावरीबाई आत आल्या. त्यांच्या हाताला कणीक लागलेली होती. पडलेल्या डब्यांमधून वाट काढत त्या माझ्यापाशी आल्या, झाकणावर तळहात टेकला आणि हळूच म्हणाल्या, "अहो?"

त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. माझ्याजवळ पुन्हा वाजवायला काही नव्हते. मित्रांनो, त्या वेळी मला जितके बंद असल्यासारखे वाटले, तितके कधीच वाटले नाही. कणकेचा तो पंजा पुढे कित्येक दिवस माझ्या झाकणावर वाळून राहिला होता.

या वर्षी विभावरीबाई न्हाणीघरात पडल्या. हाड जुळले, पण एकटे राहणे संपले. जवळच्याच एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, त्यांना खोली मिळाली. धैर्यशील घर आवरायला आला. शनिवारी ट्रेलर भरून नको ते सगळे टिपवर, म्हणजे कचऱ्याच्या डेपोत टाकायचे होते.

"आई, या ट्रंकेत काय आहे?"

"पक्ष."

"कोणता पक्ष? आई, तो कधीच संपला."

"संपला नाही. सभा झाल्याशिवाय संपेल कसा?"

"मग घ्या की सभा."

"घंटा आत आहे."

धैर्यशील माझ्यावरच बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "अगं, मी लोखंड कापायचा ग्राइंडर आणतो. आत्ता उघडते. घंटा काढून घे, बाकीचं टिपवर."

विभावरीबाई हसल्या नाहीत. "ग्राइंडरनं उघडायची असती तर मी भूकंपाच्या दिवशीच उघडली असती. ह्यांनी सांगितलंय, दोघं मागतील तेव्हा. शनिवारपर्यंत दोघं आली नाहीत तर ने तिला. घंटेसकट ने."

"घंटेसकट? आई, बाबांची घंटा आहे ती!"

"म्हणूनच."

मग त्यांनी दोन फोन केले. दोन्हीकडे शब्द तेच होते. "गॅरेज रिकामं होतंय. शनिवारी किल्ली घेऊन ये. दुसऱ्याला बोलावलंय का, हे मला विचारायचं नाही."

आदल्या रात्री मी काय विचार केला ते सांगून तुम्हाला घाबरवत नाही. टिपवर मोठी यंत्रे असतात आणि ती पत्रा दाबून त्याची वडी करतात, एवढे मी ऐकून होते.

शनिवारी आधी शिवाजी आला. केस पांढरे झाले होते, पण तेवढ्या थंडीतही पायांत जँडल्सच, म्हणजे रबरी चपलाच होत्या.

"काकू, ती येणार आहे का?"

"काय सांगितलं होतं तुला?"

"नाही विचारत."

ट्रेलर भरत गेला. हीटर गेले, डबे गेले. मी उघडी पडले. दुपार व्हायला आली तरी पामर्स्टन नॉर्थची गाडी दिसेना. धैर्यशीलने माझी एक कडी धरली आणि शिवाजीकडे पाहिले. मला न्यायला दुसरा माणूस लागतो, हे तुम्हाला सांगितलेच आहे. शिवाजीने हात पुढे केला नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "डोंगरातल्या रस्त्याला गर्दी असते शनिवारची."

"दादा, तुम्हीच म्हणायचात ना, ती येणार नाही म्हणून?"

"मी ढीगभर गोष्टी म्हणतो. थांब म्हटलं ना!"

तेवढ्यात गाडी वाजली. सुखदा उतरली. तिच्या हातात खोबरेल तेलाची बरणी होती. शिवाजीला पाहून ती दारातच उभी राहिली.

"काकू, हा इथे आहे हे सांगितलं नाहीत."

"दादा म्हण. रुसलीस म्हणून नातं बदलत नाही."

शिवाजीने खिशातून बसच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात माझी किल्ली होती, रोज वापरात असल्यासारखी चकचकीत. सुखदाने ती पाहिली.

"अजून जुडग्यात ठेवलीयेस?"

"घरी ठेवली असती तर हरवली असती." तो माझ्याकडे बघत म्हणाला. "तुझी?"

सुखदाने गळ्यातला हॉस्पिटलच्या ओळखपत्राचा पट्टा वर ओढला. ओळखपत्राच्या मागे किल्ली लटकत होती.

किल्ल्या चकचकीत असल्या तरी कुलपे गंजली होती. सुखदाने बरणी उघडली. थंडीने खोबरेल दगडासारखे थिजले होते.

"वा! आता हे खणून काढायला कुदळ आणू का?" शिवाजी म्हणाला.

"तू काय आणलंस? जँडल्स?"

त्याने मुकाट्याने बरणी घेतली आणि दोन्ही तळव्यांत धरून बसला. तेल पातळ व्हायला वेळ लागला. तेवढ्या वेळात विभावरीबाईंनी भूकंपाची गोष्ट सांगितली. फक्त "अहो" सांगितले नाही. ते मी तुम्हालाच सांगितले.

"म्हणजे घंटा वाजली होती?" शिवाजी म्हणाला. "मग काकू, सभा तेव्हाच सुरू झाली की! आपण वर्षानुवर्षं सभेतच आहोत."

"भूकंपानं सुरू केलेली सभा धरायची नाही," सुखदा म्हणाली. "भूकंप सभासद नाही."

तेल मुरले. दोन्ही कुलपे कुरकुरत उघडली. पण गंजाने झाकण धरून ठेवले होते. एका बाजूने शिवाजीने ओढले, दुसऱ्या बाजूने सुखदाने. मी कळवळले, माझा पत्रा वाकला आणि मोठा आवाज होऊन मी उघडले. उजेड! मित्रांनो, मला आधी काही दिसलेच नाही.

कुबट वास सगळ्या गॅरेजभर पसरला. बॅनरवर काळे ठिपके पडले होते.

"बुरशीविरुद्ध लढणारा पक्ष," शिवाजी म्हणाला. सुखदा हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

विभावरीबाईंनी घंटा उचलली. ती हिरवी पडली होती. स्वेटरच्या बाहीने त्यांनी ती पुसली आणि डोळे मिटून वाजवली. त्या आवाजाने ट्रेलरपाशी गेलेला धैर्यशील परत आला आणि लहानपणी पूजेच्या वेळी उभा राहत असे तसा दारात उभा राहिला.

"सभा सुरू झाली," सुखदा हळूच म्हणाली. "विषय एकच."

शिवाजीने घसा साफ केला. "मी मांडतो. माणसं नाहीत, वेळ नाही. पक्ष बंद करावा. अनुमोदन?"

"अनुमोदन दुसऱ्या बाजूनं लागतं."

"म्हणजे तुझ्या."

"माझी बाजू गप्प आहे."

"मग तू मांड."

"पक्ष चालू ठेवावा. अनुमोदन?"

शिवाजी आपल्या जँडल्सकडे बघत राहिला. "आहे," तो म्हणाला.

"मग बंद करावा असं मांडलंस कशाला?"

"तू अडवशील याची खात्री होती. नेहमीच अडवतेस."

विभावरीबाईंनी पुन्हा घंटा वाजवली. "आता माझा ठराव. घंटा माझ्याकडे, रेस्ट होममध्ये राहील. घंटेशिवाय सभा होत नाही, तेव्हा सभा घ्यायची असेल तर तुम्हाला तिथे यावं लागेल. भांडायचं असेल तरी तिथेच. ट्रंक माझ्या पलंगापाशी, कुलपांवाचून."

"काकू, तुम्ही सभासद आहात का पण?" सुखदाने विचारले.

"या पक्षाचा सगळा चहा मी केलाय."

"अनुमोदन!" दोघे एकदम म्हणाले. ते नियमात बसत होते की नाही, हे कुणी पाहिले नाही.

कुलपे धैर्यशीलच्या ट्रेलरमधून टिपवर गेली. मला गाडीपर्यंत शिवाजी आणि सुखदाने एकेक कडी धरून नेले, त्यामुळे मी तिरकी झाले नाही. आता मी पलंगाच्या पायथ्याशी असते. रोज सकाळी घंटा वाजते आणि शेजारच्या खोलीतल्या बाई म्हणतात, "विभा उठली." महिन्यातल्या एका शनिवारी दिवाणखान्यात सभा भरते. मागच्या वेळी तिथल्याच तीन आजीबाई सभासद झाल्या. दोघींना बस हवी आहे; तिसरीला केक आवडतो. शिवाजी आणि सुखदा अजून भांडतात, घंटा वाजली की थांबतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी पेटी, एखादे कपाट, एखादे माणूस बरेच दिवस बंद असेल. कुलूप लावणे वाईट नाही. पण दुसरी किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी बोलणे सोडू नका, आणि तेल थिजलेले असेल तर ते हातात धरून बसायला लाजू नका.

माझी एक विनंती आहे. त्या दिवशी ओढाताणीत वाकलेले माझे झाकण आता नीट बसत नाही. बोटभर फट राहते आणि तिच्यातून दिवसभर उजेड आत येतो. धैर्यशील म्हणतो, हातोडीने ठोकून सरळ करू या. त्याला कुणीतरी सांगा, ते तसेच राहू दे.